पेटीच्या फळ्या

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या उन्हाळ्यात नदीच्या डेल्टातल्या आमच्या तळ्यात पाळलेले बुल्टी मासे काठाला अंग घासायला लागले. शौकीने, माझ्या नवऱ्याने, एक धरून पाहिला, तर कल्ल्यापाशी चपट्या उवा चिकटलेल्या.

"औषध ओतू या," मी म्हणाले.

"जास्त पडलं तर मासेच मरतील, बाईसाहेब! या उवा लाकडावर अंडी घालतात. फळ्या बुडवायच्या आणि दर आठवड्याला काढून खरवडायच्या. पण एवढ्या फळ्या आणू कुठनं?"

मी घरात जाऊन माहेरची लग्नाची पेटी रिकामी केली आणि हातोडा त्याच्या हातात दिला.

"वेडी आहेस का? तुझी आई मला जिवंत सोडेल?"

"तिला सांगतंय कोण? हाण!"

पुढे कितीतरी दुपारी आम्ही काठावर बसून अंडी खरवडली. शौकी माझ्या आईची नक्कल करायचा आणि हसता हसता माझ्या हातातली फळी निसटायची. हंगामाअखेर मासे नितळ अंगाचे निघाले.

शौकीला जाऊन नऊ वर्षं झाली. आता मुलगी सिमेंटच्या टाक्यांत मोजून औषध टाकते आणि तासाभरात घरी येते. तिचं बरंच आहे. मला मात्र त्या लांबलचक दुपारी हव्याशा वाटतात.