फिरता सांधा

तळहातावर लिंबाएवढं पितळ, आणि ते फिरत होतं. खालचा अर्धा भाग मुठीत धरायचा, वरचा नुसता नखाने ढकलायचा, की तो हळू, जडपणाने वळायचा आणि कुठेही न अडकता पुन्हा होता तिथे यायचा... पुन्हा. अजून एकदा. दिपिका सकाळपासून, म्हणजे चहाचं आधण ठेवायच्याही आधीपासून, हाच उद्योग करत बसली होती. कोणी विचारलं असतं की बाई गं, आज एवढा महत्त्वाचा दिवस आणि तू हे काय फिरवत बसलीस, तर तिला धड सांगता आलं नसतं. एक टोक जागचं हलत नाही, दुसरं फिरतं, आणि मधून हवा जाते – बाहेर न सुटता. कशी जाते? हे तिला समजलं होतं, पेणच्या लेथवाल्या जमालने कागदावर काढून दाखवलं होतं. पण समजलं म्हणून त्याचं नवल काही कमी होत नव्हतं.

दिवस महत्त्वाचा होता हे मात्र खरं. आज संध्याकाळी चार फुटी मूर्तीसमोर सासरे तिच्या हातात डोळ्यांची कुंचली देणार होते. हमरापुरात घराघरात गणपतीचा कारखाना, रंग सगळ्यांचे सारखे, साचेसुद्धा या घरातून त्या घरात फिरलेले. पण व्यापारी येऊन विचारायचे ते ‘नाथाच्या डोळ्यांचा गणपती’ म्हणून. त्या नाथाच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या, स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि यंदा त्यांनी कुंचली खाली ठेवली. आता डोळे एक तर दिपिका काढणार, नाहीतर पेणहून हैबतराव येणार. हैबतरावाचा हात चांगला, कोण नाही म्हणतं? पण एकदा त्याने डोळे काढले की या घरातले डोळे त्याचे झाले, आणि मग दिपिकाने जन्मभर मूर्तीच्या अंगाला गुलाबी रंग फवारत राहायचं. बारा वर्षं ती या कारखान्यात होती. तिला डोळे हवे होते, अगदी पोटातून हवे होते, आणि हे ती नवऱ्याजवळही कधी बोलली नव्हती. सासऱ्यांची अट एकच – हात कापता कामा नये.

आणि हात कापत होता.

सकाळी नाही हं. सकाळी सासरे देवळात गेलेले असताना ती मागच्या पडवीत बसून नारळाच्या करवंट्यांवर डोळे काढायची, कारण करवंटीला मूर्तीच्या गालासारखा गोलावा असतो. पापणीची रेघ एका दमात, कोपऱ्यात बारीक होत होत संपणारी... सकाळी ती कशी सुरेख यायची. संध्याकाळी सासरे बाजेवर बसून म्हणायचे, काढ बघू. आणि नजर पोचत नाही म्हणून तिच्या मनगटाखाली आपला तळवा धरायचे, रेघ हातानेच वाचायचे. अर्ध्यावर आली की म्हणायचे, "कापतंय गो." आणि तिलाही कळायचं की कापतंय. मग ही सकाळ आणि ही संध्याकाळ यांच्यामध्ये काय असतं? दिवसभराची रंगाची गन असते. गनची नळी असते. दिपिकाला वाटलं, सापडला चोर.

नळीचं खूळ कंप्रेसरबरोबर आलं, एक्क्याण्णवच्या गणपतीआधी. ओल्या मूर्तींवर घासू नये म्हणून नळी वाशावरून, बरोबर मूर्तीच्या डोक्यावरून खाली सोडलेली. बाकीच्या कारखान्यांत रंग मारणारा जागेवर उभा राहतो आणि मूर्ती पाटासकट फिरवतात. पण नाथाचा कायदा वेगळा. "देवाला आपण नाय फिरवायचा, आपण देवाभोवती फिरायचं." आणि फिरायचं तेही उजवीकडूनच, प्रदक्षिणेसारखं, उलटी फेरी चालायची नाही. झालं. एका फेरीला नळीला एक पीळ. पाच फेऱ्या झाल्या की नळी अंगात आल्यासारखी वाकडी व्हायची, गन हातातून ओढायची, आणि ती गन सरळ ठेवायला मनगटाने दिवसभर झोंबी घ्यायची. उलटं चाललं असतं तर पीळ आपोआप सुटला असता – हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. बोलायची सोय नव्हती. म्हणून ती दर पाच फेऱ्यांनी गन सोडवायची, नळी झटकायची, पुन्हा जोडायची, आणि मनात म्हणायची, नळीने एकटीने उलटं फिरावं, मी सुलटी फिरते, देवाला काय कळणार आहे...

मग गेला दसरा. माहेरी, अष्टमी गावाला, गेली असताना भाऊ हरेश तिला पुलापलीकडे रोह्याला, त्याच्या कंपनीतल्या पूजेला घेऊन गेला. सगळ्या बाया हार घातलेली मशिनं बघत होत्या, ही मात्र टँकर भरायच्या नळीपाशी. नळीच्या तोंडाशी एक जाड सांधा होता. तोंड फिरवलं तरी नळी ढिम्म. तिने ते एवढ्या वेळा फिरवलं की हरेश ओशाळला. "ताई, पेढा घे नि चल गो, साहेब बघतायत." बघू देत. तिला त्या क्षणी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, कोणीतरी आपल्या मनातलं आधीच ओळखून करून ठेवल्यासारखं वाटलं होतं.

पेणला एसटी स्टँडमागे जमालचं लेथ. सहा वर्षं तो आखातात जहाजांना तेलाच्या नळ्या जोडायच्या कामावर होता. भरतीला जहाज वर उचलतं, ओहोटीला खाली बसतं, नळीने मोडायचं नाही – म्हणून सांधे फिरते. एवढंच त्याने सांगितलं, आणि ती त्याच्या दुकानात स्टुलावर बसून तासभर विचारत राहिली.

"वयनी, घट्ट केला तर फिरत नाय, सैल केला तर गलतो," जमाल म्हणाला होता. "मधी कागदाएवढी जागा हाय. ती गावली पायजे."

पहिला सांधा घट्ट झाला. दुसरा फुसफुसला, जमालने साबणाचा फेस लावला आणि जिथून फुगा आला तिथे बोट ठेवलं. "बघा, हितून सुटतंय." तिला ती रीत फार आवडली. उगाच आरडाओरडा नाही, कोणाला दोष नाही. फेस लावायचा आणि बघायचं. तिसऱ्याला त्याने आत चामड्याचा वायसर घातला, ग्रीस भरलं, आणि तो लोण्यासारखा फिरला – आणि मूर्तीच्या अंगावर देवी उठल्या. गुलाबी रंग लागायचा आणि पैशाएवढी जागा सोडून बाजूला सरकायचा, व्रण ठेवून. तीन मूर्ती खरवडाव्या लागल्या. जमाल म्हणाला कंप्रेसरचं तेल असेल, ती म्हणाली सांध्याचं ग्रीस असेल. आणि भांडत बसण्यापेक्षा तिने खिडकीच्या दोन काचा आणून एकीवर सांध्याशिवाय रंग मारला, दुसरीवर सांधा लावून मारला. दोघांना वेगळं केल्याशिवाय दोष कोणाचा ते कळत नाही. पहिली काच स्वच्छ आली, दुसरीवर व्रण.

ग्रीस नको, मग फिरणार कशावर? याचं उत्तर मात्र जमालकडे नव्हतं, ते तिच्या कारखान्यात कोपऱ्यातल्या डब्यात होतं. साच्याला माती चिकटू नये म्हणून आतून शंखजिऱ्याची पूड चोळतात, बुळबुळीत आणि कोरडी. काल तिने ग्रीस रॉकेलने धुऊन काढलं, वायसरला शंखजिरं चोळलं, जादाची पूड नुसत्या हवेने उडवून लावली, फेस लावून पाहिलं. फुगा नाही. आणि आता तोच सांधा तळहातावर फिरत होता...

"चहा देतंस का त्या पितळंला नैवेद्य दाखवतंस?" सासऱ्यांनी पडवीतून विचारलं.

तिने चहा दिला. त्यांनी कपबशी घेतली तशी बशी खडखडली. काठाला टवका गेलेली बशी, कप नीट बसत नाही, आता बदलायला हवी, असं तिच्या मनात आलं आणि ती कामाला लागली.

त्या दिवशी तिने एकोणीस फेऱ्या मारल्या. मोजून. नळी वाशावरून सरळ लोंबत होती, शहाण्यासारखी. फेरी घेताना सांधा वळायचा आणि त्याचा बारीक सर्र असा आवाज फक्त तिला ऐकू यायचा. मी फिरतेय आणि माझ्याबरोबर काहीच पिळवटत नाहीये, याची तिला मध्येच गंमत वाटून हसू आलं. दुपारी रंग सपाट बसला, एक व्रण नाही. सासऱ्यांना चहा दिला, या खेपेला नव्या बशीत. मग हात धुतले आणि पडवीत जाऊन मुद्दाम एक करवंटी घेतली. पापणीची रेघ... सुटली ती थेट कोपऱ्यात जाऊन संपली. संध्याकाळ उतरत होती, दिवसभर गन मारलेली होती, आणि हात दगडासारखा स्थिर होता. जिंकले, ती स्वतःला म्हणाली. जिंकले बाई.

चार फुटी मूर्तीपुढे पाट ठेवला होता. सासरे शेजारी सरकून बसले, कुंचली तिच्या हातात दिली, आणि नेहमीसारखा आपला तळवा तिच्या मनगटाखाली आणला. टोक कोऱ्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर. ती श्वास धरून थांबली.

कुंचलीचं टोक हललं. बारीक. थांबलं नाही.

"कापतंय गो," सासरे म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट कसली तरी सुटका होती. "ऱ्हाव दे. हैबतरावाला निरोप धाडतंय."

म्हणजे नळी नव्हतीच. वर्षभर मी त्या नळीच्या मागे... जमालचं दुकान, तीन खरवडलेल्या मूर्ती, शंखजिरं... आणि चोर माझ्याच हातात. कुंचली खाली ठेवणार, तेवढ्यात ती थांबली. कारण डोकं, मेलं, गप्प बसेना. आत्ता करवंटीवर कापला नाही. आत्ता म्हणजे अर्ध्या तासापूर्वी. नळी तीच, हात तोच, संध्याकाळ तीच. मग दोन्हींत वेगळं काय? सकाळी काय नसतं आणि संध्याकाळी काय असतं... सकाळी सासरे देवळात असतात. सकाळी मी एकटी असते.

तिने मान न हलवता खाली पाहिलं. तिचं मनगट, त्याखाली त्यांचा तळवा, चाळीस वर्षांच्या रंगाने नखांच्या कडा काळ्या झालेला. दोन हात एकावर एक. आणि दुपारची बशी आठवली. नवी बशी. तीही वाजली होती.

त्यांना माहीत असेल? मोतीबिंदू झाला म्हणून कुंचली ठेवली, असं ते सगळ्यांना सांगत होते... स्वतःलाही सांगत असतील. फेस लावायची गरज नव्हती. फक्त म्हणायचं, मामंजी, तुमचा हात जरा काढा. एवढंच वाक्य, आणि नाथा कारागीर माणूस, त्यांना पुढचं सगळं न बोलता कळलं असतं. किंवा हात काढल्यावरही टोक हलत राहिलं असतं, आणि मग तिला कळलं असतं. कोणाचं तरी काहीतरी आता सुटणार होतं, हे नक्की. थोड्या वेळापूर्वी तिला फक्त डोळे हवे होते. आता त्यांच्याही आधी तिला हे बघायचं होतं, आणि त्या बघण्याची तिला लाज वाटत होती, माया वाटत होती, आणि तरी ते हवंच होतं.

"मामंजी," ती म्हणाली.

"काय गो?"

तळवा अजून तिच्या मनगटाखाली होता, गरम, आणि कुंचलीचं टोक हलत होतं. "तुमचा हात जरा काढा," ती म्हणाली, आणि त्या टोकाकडे टक लावून बघत राहिली.