निळ्या लोकरीचे टाके

मित्रांनो, मी युद्धकाळातली एक जुनी खाकी टोपी आहे. दोन्ही कडांना दुमड, पुढे दोन पितळी बटणे. माझ्या कपाटात ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन अशा एकेचाळीस टोप्या आहेत, पण बोलायला कुणी नाही. सगळ्या आपापल्या तोऱ्यात असतात. मला फार एकटे वाटते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या बायका दिवसाला शेकड्याने टोप्या हातावेगळ्या करत. मी एका सैनिकाच्या वाट्याला आले. त्याचे डोके एवढे मोठे, की मी कशीबशी एका कानावर बसायचे. तो रजेवर घरी आला तेव्हा माझी दुमड फाटली होती. त्याच्या सात वर्षांच्या मुलीने ती निळ्या लोकरीने शिवून टाकली. टाके कसले, नुसत्या वेड्यावाकड्या उड्या! तो म्हणाला, "असू दे गं. शत्रू हसून हसूनच पळेल." पुढे साहेबाची बोलणी खाल्ली, पण टाके काढले नाहीत. मला त्यांचा फार अभिमान होता.

तो वारल्यावर त्याची ट्रंक भंगारात गेली आणि तिथून मी या कपाटाच्या मालकांकडे, काकांकडे आले. काका निवृत्त शिंपी, त्यांना फौजी टोप्या जमवण्याचा भारी नाद. त्यांनी मला वाफ दिली, बटणे लख्ख केली. जीव लावला, खोटे कशाला बोलू? पण वाकडी शिवण त्यांना बघवेना. त्यांनी निळी लोकर उसवून केरात टाकली आणि खाकी धाग्याने रफू केले.

मागच्या महिन्यात काकांच्या टोप्यांविषयी ऐकून एक म्हातारी काठी टेकत आली.

"बाबांची टोपी शोधतेय हो. निळ्या लोकरीचे टाके आहेत तिला. लहानपणी मीच घातलेले. तेवढीच खूण."

काकांचा चेहरा उतरला. म्हणाले, "नाही हो ताई, तशी नाही माझ्याकडे."

ते खोटे नव्हते. तशी मी आता राहिलेच नव्हते. ती हातभर अंतरावर होती आणि मला हाक मारता येत नव्हती.

"छान ठेवल्यात हो सगळ्या," ती म्हणाली, आणि फोन नंबरची चिठ्ठी देऊन गेली.

मग काकांनी भिंग घेऊन तिच्या टाक्यांची जागा शोधली. त्यांचे रफू इतके सफाईदार, की त्यांनाच सापडेना. चिठ्ठी त्यांनी माझ्याखाली ठेवली आहे. रोज काढतात, वाचतात, परत ठेवतात. त्यांना लाज वाटते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण त्यांच्यावरचा कुणाचा हात पुसू नका. आणि काका भेटले तर एवढे सांगा: फोन करा. रफू उसवा, सुई तिच्या हाती द्या. टाके वाकडे पडले तर पडू देत. फक्त लवकर करा, ती फार थकली आहे.