इसालेची फांदी

"ती फांदी खाली ठेव आणि तोंडाने बोल," मांकाबाई म्हणाल्या.

आनाएलीने फांदी आणखीच घट्ट धरली. किलिमांजारोवर परदेशी पाहुण्यांची ओझी वाहणारी माणसं चर्चमागच्या त्या खोलीत इंग्रजी बोलायला शिकत. आदल्या दिवशी उतरताना आनाएलीचा पाय घसरला आणि एका वयस्कर पाहुणीचा कॅमेरा ओढ्यात गेला. तिने तक्रार केली, तर पुन्हा त्याला डोंगरावर कुणी नेणार नव्हतं. आणि ती आज दुपारीच निघणार होती.

"सकाळी गेलो होतो, बाई. फांदी पुढे केली, तर म्हणते, नको, मला काही विकत घ्यायचं नाही."

वर्गात खसखस पिकली. मांकाबाई हसल्या नाहीत. इसालेचं पान पुढे केलं की इथे पिढ्यांची वैरं मिटत. पान नाकारणारं माणूस त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"पानच परत आलं. आता काय उरलं?" तो म्हणाला.

"शब्द उरले. एलिफासी, तू पाहुणी हो."

मिशाळ एलिफासीने डोक्याला पंचा गुंडाळला. "माझा कॅमेरा कुठाय रे, मेल्या?"

"ती असं नव्हती बोलली."

"मनात बोलली असेल."

"आनाएली, नजर वर," बाई म्हणाल्या.

"आईच्या वयाच्या बाईच्या डोळ्यांत बघून बोलू? घरी कळलं तर आई सोलून काढेल."

"तुझ्या आईला मी बघून घेते. तू वर बघ."

चूक माझी आहे, मला वाईट वाटतं, मला क्षमा करा. इंग्रजीतली ही वाक्यं घोकून घोकून त्याच्या घशाला कोरड पडली. शेवटी त्याने फांदी दाराबाहेरच्या ओल्या मातीत खोचली आणि तो रिकाम्या हातांनी गेला.

वर्ग सुटला तरी कुणी उठेना. बऱ्याच वेळाने आनाएली आला. त्याच्यामागून धापा टाकत ती पाहुणी.

"वाक्यं म्हटली, बाई. ठीक आहे म्हणाली. पण मलाच काही ठीक वाटेना. मग आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, सकाळी विकायला नव्हतो आलो. ते पान म्हणजे माफी. आमच्याकडे त्याला नाही म्हणत नाहीत. तर म्हणाली, कुठाय ते?"

हे बाईंनी शिकवलेलं नव्हतं.

पाहुणीने वाकून फांदीचं एक पान तोडलं, पण स्वतःजवळ ठेवलं नाही. ते आनाएलीच्या हाती दिलं आणि त्याच्याकडून पुन्हा दोन्ही हातांनी घेतलं.

आता ती खोली राहिली नाही. तिथे चर्चला येणाऱ्यांच्या गाड्या उभ्या राहतात, आणि पोरं फोनवरच इंग्रजी शिकतात. इसाले मात्र मूळ धरून बाईंच्या डोक्यावर गेलं. काठी टेकत त्या रोज तिथवर येतात आणि दगडावर बसतात. अजूनही कधी त्यांना वाटतं, आतून एलिफासी बायकी आवाजात ओरडेल.

परवा आनाएलीची लेक न्देशी आली.

"पाया पडते, बाई."

"सुखी राहा. कळलं गं मला."

"घरामागे केळीत पुरलंय बाबांना. उशाशी लावायला फांदी हवी होती."

"तुमच्या कुंपणाला आहे की इसाले."

"आहे ना. पण बाबा सांगून गेले, बाईंच्या दारातली आण."

बाईंनी सुरी मागितली. न्देशीला कापू न देता त्यांनी स्वतःच एक फांदी कापली. दुःखात माणसाशी काय बोलावं, ते त्यांनी किती वर्गांना म्हणायला लावलं होतं, नजर वर करून. त्यातलं एकही वाक्य ओठांवर येईना.

त्यांनी फांदी पुढे केली. न्देशीने ती दोन्ही हातांनी घेतली. बाईंची नजर खालीच होती, बुंध्याशी, जिथे आनाएलीने ती पहिली फांदी खोचली होती.