देवकीची सावड

"सुनिल, आवण कुठून काढायला घेऊ रे? वरून का खालून?"

ताराकाकी भाताची रोपं उपटायच्या तयारीने अंगणात उभी होती. डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, लुगडं वर खोचलेलं, आणि मागे आळीतल्या सात-आठ बायका. सुनिल ओट्यावर दात घासत होता, म्हणजे ब्रश तोंडात होता एवढंच. त्याच्या बायकोचं, देवकीचं, तेरावं परवाच झालं होतं.

"कुनी बोलावलं तुमाला, काकी?"

"बोलवायला कशाला लागतं? देवकीची सावड हाय आमच्यावर. सगल्यांच्या खाचरात राबली ती. आता आमी नाय आलो तर वर जाऊन तिला काय तोंड दाखवू?"

सावड म्हणजे आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. मजुरी नाही, हिशेब सगळा तोंडी, आणि तरी तो कुणी बुडवत नाही. सख्ख्या भावाभावांची भांडणं मिटायची राहतील, पण सावड फेडायची राहत नाही. सुनिलची आवणी, म्हणजे भाताची लावणी, दरवर्षी सगळ्यांच्या शेवटी व्हायची, कारण ती त्याच्या शुक्रवारावर अडलेली.

मुरबाडच्या एमआयडीसीत डबे बनवायच्या कारखान्यात तो होता. सुट्टी शुक्रवारची. सगळं जग रविवारी लोळतं, पण कारखान्याला जगाशी काय घेणं! लेकीची, अपेक्षाची, शाळा रविवारी बंद आणि बाप शुक्रवारी घरी. एका घरात राहून बापलेकीची गाठ पडायची ती रात्रीच्या जेवणाला, तीही पोरगी पेंगत असताना. बरं, तो शुक्रवार तरी सुनिलला कधी मिळाला असेल तर शपथ! कुणाची आवणी, कुणाच्या भाताची झोडणी, कुणाच्या लग्नाचा मांडव. आठवडा कारखान्याने खाल्ला आणि उरलेला दिवस गावाने.

देवकी होळीपासून म्हणत होती, "अवो, अंगावरनं लय जातंय. चक्कर येते. एका शुक्रवारी दवाखान्यात जाऊ."

"जाऊ की," सुनिल म्हणायचा. खोटं नव्हतं ते. जायचंच होतं.

एकदा निघालेही होते. देवकीने ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. नाक्यावर मुरबाडची जीप भरत होती, तेवढ्यात आळीतला पंढरी मोटारसायकलवरून आला.

"वैनी, आज आमची आवणी, आन् दोन बाया तापानं पडल्यात. आवण उपटून बसलोय. आता काय करू सांगा."

देवकीने सुनिलकडे पाहिलं. बोलायचं होतं ते सुनिलने, आणि तो बोलला.

"जा तू. दवाखाना काय पलून जातोय?"

ती साडी बदलायला घरी गेली. पुढचा शुक्रवार उजाडायच्या आत, ताराकाकीच्या खाचरात, आवणाची मूठ हातात असतानाच ती मटकन खाली बसली. कल्याणला नेईपर्यंत अंगात रक्तच उरलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. सुनिलला निरोप पोचला तेव्हा तो मशीनवर होता, आणि दुसरा माणूस येईपर्यंत मशीन सोडायचं कसं, हाच पहिला विचार त्याच्या मनात आला. तेव्हापासून त्याला रडू आलेलं नाही. बाराव्याला आलेल्या बायका हंबरडा फोडत होत्या आणि हा कोरडा ठणठणीत. त्याची त्यालाच लाज वाटत होती.

बायकांच्या मागोमाग तो आपल्या खाचराकडे गेला तर पंढरी उजाडल्यापासून पॉवर टिलर घालत होता. चिखल लोण्यासारखा झाला होता. दोघांची नजरानजर झाली तसा पंढरीने मान खाली घातली आणि उगाच आणखी एक फेरी मारली.

बायका रांगेने उभ्या राहिल्या. डाव्या अंगाची बांधाकडची जागा तेवढी कुणी घेतली नाही. तिथे देवकी उभी राहायची, तिचा हात सगळ्यांत चलाख. सुनिलने पॅण्ट दुमडली आणि तो त्या जागी जाऊन वाकला. मागे राहील त्याच्या भोवतीने आवण लावून त्याला मधेच कोंडायचं आणि वर खिदळायचं, ही इथली जुनी खोड. सुनिल मागे राहिला, पुन्हा पुन्हा राहिला. आज कुणी त्याला कोंडलं नाही. बायका कंबर धरून थांबत होत्या, आणि तो आला की पुढची ओळ धरत होत्या.

एरवी जेवण शेताच्या मालकाने घालायचं. ताराकाकीने आज स्वतःच्या घरून भाकऱ्या आणि सुकट आणली होती. तिने सुनिलच्या हातावर भाकरी ठेवली.

"फिटली बघ देवकीची सावड. तुझ्याकडं कुनाचं काय नाय, तुझं कुनाकडं नाय. आता शुक्रवार तुझा."

सुनिलने भाकरी खाल्ली. कशाचीच चव लागत नव्हती.

पुढच्या शुक्रवारी त्याने अपेक्षाला शाळेचा गणवेश घालू दिला नाही.

"आज शाला नाय?"

"नाय."

"कुनाकडं जायचंय, पप्पा?"

"तुला दाखवून आनू. जिना चढलीस तरी धापा टाकतेस, बाई सांगत व्हत्या."

नाक्यावर जीप भरत होती. दोघं आत बसले, अपेक्षा खिडकीशी. आळीतल्या बुधूने सायकल आडवी घातली.

"सुनिलभाऊ! बरा गावलास. घर गलतंय म्हनून कौलं काढलीत, आभाल भरून आलंय. दुपारपर्यंत हात लाव रे. परत कधी नाय बोलनार."

माणूस अडलेला होता, खरंच अडलेला. सुनिलच्या तोंडात 'येतो' आलंच होतं. आयुष्यभर तेच येत आलं होतं. त्याने अपेक्षाकडे पाहिलं. ती चपला काढून हातात घेत होती. जीपमधून उतरून चिखलातून घरी परतायची तयारी. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईचं बघून शिकली होती.

"चपला घाल," सुनिल म्हणाला. मग बुधूला म्हणाला, "आज नाय जमनार."

"मंग कधी येशील?"

"शुक्रवारी नाय."

बुधूने सायकल बाजूला घेतली. त्याला राग आला असणार, आणि सुनिलला वाईटही वाटलं, पण जीप सुटली होती.

मुरबाडला उतरून दोघं चालत गेले. बाजाराच्या मागच्या गल्लीत औषधाच्या दुकानाला लागून डॉक्टरीणबाईंची पाटी होती. बाहेर बाकडं, बाकड्यावर दोन बायका, दाराशी चपला. अपेक्षाने आपल्या चपला त्यांच्याशेजारी नीट लावून ठेवल्या आणि ती बाकड्यावर सरकून बसली. बापासाठी तिने जागा ठेवली होती.

सुनिल मात्र उभाच राहिला. दवाखाना जिथल्या तिथे होता. कुठेही पळून गेला नव्हता.