सुरक्षा-अधिकाऱ्याच्या चपला

भाड्याने अवजारं देणाऱ्या त्या दुकानात शिड्या होत्या, पाण्याचे पंप होते, गवत कापायची यंत्रं होती आणि मागच्या कपाटात, कुलपात, झाडं कापायच्या दोन चेनसॉ होत्या. दुकान नवरा-बायकोचं. धाकट्या भावाची बायको म्हणून घरात तिला सगळे धाकटी म्हणत. दुकानात मात्र थोरली-धाकटी असा प्रश्नच नव्हता. तिथं तिच्या वर कुणी नव्हतं. नवरा होता, पण तो शिड्या पुसायचा.

चेनसॉ देण्याचा धाकटीचा एक शिरस्ता होता. गिऱ्हाइकाने आधी दुकानामागच्या फरशीवर, तिच्या डोळ्यांदेखत, मशीन सुरू करून दाखवायची. ती जमिनीवर टेकवून, ब्रेक लावून, मागच्या मुठीत बुटाचं टोक घालून दोरी ओढणारा माणूस वेगळा आणि हवेत लोंबकळत धरून दोरीला हिसके देणारा वेगळा. दुसऱ्याला ती पंप द्यायची, शिडी द्यायची, चेनसॉ नाही. तिच्या वहीत प्रत्येकापुढे शेरा असे. "बूट चांगले, अक्कल बेताची." "स्वतः होऊन संरक्षक चष्मा मागितला. द्यावी." "मेहुण्याला दाखवायला आणलाय सगळा थाट. देऊ नये." एका नावापुढे नुसतं लिहिलेलं होतं, "डावी मांडी, एकोणतीस टाके." त्या गृहस्थाला तिने नाही म्हटलं होतं आणि त्याने दुसऱ्या दुकानातून मशीन नेली होती. टाके मात्र तिने आपल्याच वहीत मांडले. दुसऱ्या दुकानदाराकडे वहीच नव्हती.

तिचे थोरले दीर बावीस वर्षं एका कारखान्यात सुरक्षा-अधिकारी होते. कारखान्याच्या भिंतीभिंतीवर त्यांनी मजकूर करून दिलेल्या पाट्या होत्या. बूट घाला, टोपी घाला, चालू यंत्राजवळ जाऊ नका. शेवटची सूचना ते स्वतः इतकी पाळत, की बावीस वर्षांत एकाही यंत्राच्या वाटेला गेले नाहीत. म्हणून दहाही बोटं शाबूत राहिली आणि ती बोटं ते आपल्या ज्ञानाचा दाखला म्हणून चारचौघांत नाचवत.

मंगळवारच्या वादळात त्यांच्या मागच्या अंगणातलं झाड कुंपणाच्या भिंतीवर आडवं झालं. गुरुवारी सकाळी ते दुकानात आले. पायात चपला, गळ्यात मफलर.

"मशीन दे गं. दोन तासांत परत आणतो."

"भाऊजी, दोन माणसं देते की मी ओळखीची. अर्ध्या तासात मोकळं करतील."

"माणसं कशाला? मी काय मेलोय?"

"अजून नाही," असं धाकटीच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. "मग एकदा सुरू करून दाखवा."

थोरल्यांनी मशीन उचलून पोटाशी धरली आणि दोरी ओढली. पात्याचं टोक आधी फरशीकडे गेलं, मग धाकट्या भावाच्या गुडघ्याकडे, मग आकाशाकडे. मफलरचं टोक मुठीवर लोळत होतं. धाकटीने पुढे होऊन मशीन काढून घेतली.

"बूट घालून या. मफलर घरी ठेवा. मग बघू."

"ते नियम कामगारांसाठी असतात," थोरले म्हणाले. "मीच केलेत ते. मला माहीत आहे कुणासाठी केलेत."

आणि ते तरातरा निघून गेले. धाकट्या भावाने दोन पावलं त्यांच्यामागे टाकली, मग बायकोकडे पाहिलं आणि परत शिडी पुसू लागला.

त्या आठवड्यात धाकटीला कुणाशीही वाकडं घ्यायचं नव्हतं. शहरातल्या बागांची छाटणी सोमवारपासून सुरू होणार होती आणि बागांच्या मुकादमाने तिच्या दोन्ही चेनसॉ चार महिन्यांसाठी न्यायचं बोलून ठेवलं होतं. पक्का शब्द तो रविवारपर्यंत देणार होता. ते काम मिळालं तर दुकान उभं राहणार होतं, नाहीतर नुसत्या शिड्यांवर किती चढणार? त्यात मुकादम राहायला थोरल्यांच्या अंगणासमोर, दुसऱ्या मजल्यावर. त्याच्या गॅलरीतून त्यांच्या शेगडीवर काय शिजतंय तेसुद्धा दिसायचं.

दुपारी कपाटाची किल्ली नवऱ्याकडे देऊन ती पंपाचे वायसर आणायला बाजारात गेली. परत आली तर कपाटात एकच मशीन.

नवरा पुसलेलीच शिडी पुन्हा पुसत होता.

"कुठाय?"

"दादा परत आला होता. त्याला नाही कसं म्हणायचं गं? लहानपणी सायकल त्याने शिकवली मला."

"आणि दात कुणी पाडले होते सायकलवरून?"

"ते वेगळं."

"बूट होते पायात?"

नवऱ्याने शिडीची शेवटची पायरी फार मन लावून पुसली.

धाकटी दोन गल्ल्या जवळजवळ पळतच गेली. लांबूनच मशीनचा आवाज आला. मग जळक्या लाकडाचा वास आला आणि तिला नवल वाटलं.

अंगणात दृश्य असं होतं. खोड भिंतीवर रेललेलं. त्याच्या खाली एक जाड फांदी दबून धनुष्यासारखी वाकलेली. तिच्यावरचा भार हलला की ती सुटणार, आणि सुटली की समोर जे असेल त्याचं नाक, दात, जबडा, काही विचारणार नाही. समोर थोरले होते. प्लास्टिकच्या स्टुलावर चढलेले, मशीन खांद्याच्या वर धरलेली, पायात चपला. डोळ्यांवर वाचायचा चष्मा. त्याच फांदीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरून थोरली जाऊ उभी होती, कारण नवऱ्याने सांगितलं होतं, "हलू देऊ नकोस." बाई घाबरून पांढरी पडली होती आणि फांदी सोडत नव्हती. पस्तीस वर्षांत तिने त्यांचं काहीच सोडलं नव्हतं.

आसपासच्या गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. दुसऱ्या मजल्यावर मुकादम कप घेऊन उभा होता.

मशीन गरगरत होती, धूर काढत होती, पण कापत नव्हती. फांदीवर नुसता काळा ओरखडा. थोरले आणखी जोर देत होते, स्टूल आणखी वाकत होतं. धाकटीने जरा बाजूने निरखून पाहिलं आणि तिला सगळं उमगलं. चेन उलटी बसवलेली होती. दातांचं तोंड मागे. अशी चेन लाकूड घासते, तापते, खात नाही.

हे कसं झालं, तेही तिला विचारावं लागलं नाही. घरात आलेलं कुठलंही यंत्र आधी खोलून पुसायचं, ही थोरल्यांची जुनी खोड. पंखा आला, खोलला. मिक्सर आला, खोलला. थोरलीचं शिलाई मशीन खोललं ते आजतागायत मागे शिवतं. मशीनवर धूळ दिसली असणार आणि सुरक्षा-अधिकाऱ्याने कव्हर काढून चेन पुसून चकचकीत करून, जशी सुचली तशी परत घातली असणार.

"आलीस?" तिला पाहताच थोरल्यांनी मशीन थांबवली. "बघ तुझा माल. भंगार भाड्याने देतेस होय? लाकडाला दातसुद्धा लागत नाही हिचा." हे त्यांनी तिला सांगितलं, पण आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंतचा लावला होता.

वरून कुणीतरी हसलं. मुकादमाने कप कठड्यावर ठेवला.

धाकटीच्या जिभेवर दोन शब्द आले. चेन उलटी. दोन शब्दांत तिच्या मालाची अब्रू परत आली असती आणि दिरांची गेली असती, आणि दुसऱ्या गोष्टीसाठी तर तिने पदरचं काही द्यायलाही मागेपुढे पाहिलं नसतं. पण दिरांना ती ओळखून होती. चारचौघांत चूक दाखवली की माणूस दुप्पट हट्टाला पेटणार. पाच मिनिटांत चेन सुलटी करणार, पुन्हा स्टुलावर चढणार आणि मग ती चेन खाणार. आधी फांदी खाणार, मग काय समोर येईल ते. मशीन हातातून ओढून घ्यावी, तर मूठ त्यांच्या हातात आणि पातं तिच्याकडे.

"खरंय भाऊजी," ती म्हणाली. "मशीन बिघडलेलीच आहे. कपाटातून काढून ठेवायला हवी होती. आमचीच चूक."

सगळ्या गॅलऱ्यांनी ऐकलं.

"बघा," थोरले वर पाहून म्हणाले. "कबूल तरी केलं."

"ताई, तुमचं दूध गॅसवर आहे का?"

"नाही गं," जाऊ म्हणाली.

"आहे. वास येतोय. जा बघा."

थोरलीने क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिने फांदी सोडली आणि जी आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. सोडायलाही कुणीतरी सांगावंच लागलं. धाकटीने स्टूल धरलं, दिरांना उतरवलं, मशीन घेतली आणि शरमिंद्या चेहऱ्याने दुकानाकडे निघाली. चेहरा खोटा नव्हता. शरम वाटत होतीच, फक्त थोरल्यांना वाटलं त्या कारणाने नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम दुकानात हजर.

"काल मशीन बिघडली होती म्हणे."

"हो," धाकटी म्हणाली.

"भुसा उडत नव्हता. नुसता धूर. चेन उलटी होती."

नवऱ्याच्या हातातलं फडकं थांबलं. "उलटी? मग तिथंच सांगायचं ना! आख्ख्या गल्लीने आपल्या मालाला नावं ठेवली."

"सांगितलं असतं तर भाऊजींनी सुलटी केली असती. मग?"

"मग ती खालची फांदी तोंडावर आली असती," मुकादम म्हणाला. "मी वरून ओरडायच्या बेतातच होतो."

"बेतात होता म्हणजे ओरडला नाहीत."

मुकादमाने मान खाजवली. "चहा होता हातात."

"हो, पाहिला मी. कपाला धोका नको."

मुकादम हसला, पण लगेच गंभीर झाला. "बाई, चेनचं मला काही नाही. चपला घातलेल्या माणसाच्या हातात तुमची मशीन गेली कशी, तेवढं सांगा. माझी बारा माणसं आहेत. उद्या त्यांच्यातला एखादा चपला घालून इथं आला आणि गोड बोलला, तर मिळेल त्याला?"

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलंही नाही, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. ती नुसती गल्ल्यामागे बसली. कपाटाची किल्ली कालपासून त्याच्याच खिशात होती.

तेवढ्यात थोरले दारात उभे. चपलाच.

"झाली का दुरुस्त? आण लवकर. आज पुरं करून टाकतो."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. ती पंपाचे वायसर मोजत होती. मुकादमाला एक शिडी फार आवडली होती, तो तिचे खिळे तपासू लागला.

"दादा," नवरा म्हणाला, "मशीन मिळणार नाही."

"कोण म्हणतंय? ती?"

"मी म्हणतोय."

"बूट नाहीत म्हणून? थांब, आत्ता घालून येतो."

"बूट घातलेस तरी नाही." आवाज शिडीच्या गंजक्या बिजागरीसारखा येत होता, पण येत होता. "तुला ती चालवता येत नाही, दादा."

थोरल्यांनी भावाकडे असं पाहिलं, की जणू कारखान्यातल्या भिंतीने पाटी उलटून दाखवली. "मला? बावीस वर्षं मी..."

"बावीस वर्षं तू पाट्या लिहिल्यास. काल वहिनी फांदी धरून उभी होती."

थोरल्यांनी मफलर सावरला. "बायकोने चावी दिली की बोलतोस तू," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. शेवटच्या पायरीवर एक चप्पल सटकली, ती त्यांनी न बघता पायानेच चाचपून घातली.

"सोमवारी सातला माणूस पाठवतो दोन्ही मशीन न्यायला," मुकादम म्हणाला. दारापर्यंत जाऊन थांबला. "किल्ली यांच्याकडेच राहू द्या."

तो गेला. नवरा स्टुलावर बसला. हातातल्या फडक्याची तो उगाच घडी घालू लागला.

"दादा बोलेल का गं आता माझ्याशी?"

"बोलतील," धाकटी म्हणाली. "झाड अजून भिंतीवरच आहे."