दगडाचं बोट

सड्यावर टिटव्यांची बारा घरटी होती. अकरांत चार-चार अंडी, बाराव्यात तीन, एकूण सत्तेचाळीस. आणि वर वैशाखाचे निष्कंप, निर्मेघ, पांढरे ऊन.

सडा म्हणजे कातळाचा पसारा. काळा कातळ, करडा कातळ, मातकट कातळ. खड्याशेजारी खडा, सावलीशेजारी सावली. त्या खड्यांत टिटव्यांनी अंडी नुसती ठेवून दिली होती. काटकी नाही, पान नाही, आडोसा नाही. मातीचा रंग, त्यावर काळे शिंतोडे, एवढेच त्यांचे चिलखत. दगडांत दगड झालेली ती, आत मात्र ऊब जपणारी.

त्यांतून किती पिल्ले बाहेर पडतात, ते मोजायला ऋजुता आली होती. पण एकदा सापडलेले घरटे तिलाही पुन्हा सापडेना. मग तिने दगड चुन्यात बुडवले आणि प्रत्येक घरट्याच्या उत्तरेला, नेमक्या एक हात अंतरावर, एकेक पांढरा दगड ठेवत ती निघाली.

शेळ्या घेऊन आलेल्या ठकूकाकू काठीवर हनुवटी टेकून बघत होत्या.

"बोट नको दाखवू गं बाय. कोवळ्या काकडीला बोट दाखवलं तरी कुजते ती."

"बोट कुठे दाखवतेय, काकू? दगड ठेवतेय."

"मग ते दगडाचं बोट."

ऋजुता हसली. बाराव्या घरट्याशी चुना संपला. ते तिने वहीतच टिपले: करवंदीच्या जाळीपासून अठ्ठावीस पावले.

नवव्या दिवशी सकाळी ती सडा चढून आली, आणि काठावरच थबकली.

एक डोमकावळा चालत होता. उडत नव्हता, शोधत नव्हता; चालत होता. पांढऱ्या दगडाशी आला. थांबला. दक्षिणेकडे वळला. एक हात पुढे गेला. मान खाली, मान वर, चोचीवर पिवळा ओघळ. मग पुढचा पांढरा दगड. थांबला. दक्षिणेकडे वळला. एक हात पुढे.

टिटव्यांचा आकांत आभाळभर. खाली त्याची ती शांत, शिस्तशीर चाल.

अंतर तिचे. दिशा तिची. चुना तिचा.

ती धावली, तेव्हा तो सावकाश उडाला, पोट भरल्यासारखा. मातकट टरफले उताणी पडली होती, आणि त्यांची आतली बाजू पांढरी होती, उघडी पांढरी.

दूर ठकूकाकूंनी शेळ्या वळवल्या.

ऋजुता करवंदीच्या जाळीपाशी गेली. दोन्ही मुठी आवळून, सगळी बोटे आत दडवून, चालू लागली. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस. खडे, नुसते खडे. ती गुडघ्यांवर बसली. बघत राहिली, बघतच राहिली.

मग वही उघडून तिने लिहिले.

पांढरे दगड अकरा; अंडी शून्य.
बिनखुणेचे घरटे एक, अंडी तीन.