शून्य तक्रारी

गुरुवार, सकाळचे साडेदहा. लिफ्टचे नियंत्रण करणारा प्रोग्रॅम जेथे लिहिला जातो, त्या कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरील कोपऱ्याची खोली. खोलीत तिघे होते: प्रोग्रॅम लिहिणारे दाजी, विभागप्रमुख असलेला त्यांचा मेव्हणा आणि प्रत्येक आवृत्ती हाताने पारखणाऱ्या चाचणीबाई. दाजींना सारे कार्यालयच दाजी म्हणे. मेव्हण्याने पाडलेला पायंडा कुणी मोडला नव्हता.

वाद होता तो कोड न चालवता नुसता वाचून दोष सांगणाऱ्या विकतच्या साधनाविषयी. साधन मेहनती होते, पण परके. येथील जुन्या फायलींत वेळ सेकंदांत मोजतात आणि मोटरच्या नव्या फायलींत मिलिसेकंदांत, हे त्याला कोण सांगणार? त्याच्या लेखी दोन्ही निव्वळ आकडे. म्हणून दाजींनी पंधरा दिवस खपून त्याला स्वतःचा एक नियम जोडला होता: जुन्या फायलीतला वेळ हजाराने गुणल्यावाचून मोटरकडे गेला, की तक्रार करावी.

"तीनला आवृत्ती बाहेर पडणार," मेव्हणा म्हणाला. "तोवर तुमच्या नियमानं काही दाखवलं तर ठेवू, नाहीतर काढून टाकू. त्याच्यापायी रोजची तपासणी लांबते, दाजी."

नियम चालवला. तक्रारी शून्य.

"डोंगर पोखरला आणि उंदीरसुद्धा नाही," मेव्हणा म्हणाला.

"उंदीर नाही, की मांजर झोपलंय, ते आधी ठरवू दे."

दाजींनी जुन्या फायलीत मुद्दाम एक चूक पेरली आणि नियम पुन्हा चालवला. पुन्हा शून्य.

"घोरतंय," चाचणीबाई म्हणाल्या.

जो तपासनीस पेरलेली चूकही पकडत नाही, त्याचे मौन हा पुरावा नव्हे. साधनाने काय तपासायचे नि काय नाही, हे ठरवणारी फाईल दाजींनी उघडली. जुन्या फायलींचे फोल्डर वगळावे, अशी एक ओळ तेथे होती. शेजारी शेरा होता: 'तात्पुरते'. तारीख तीन वर्षांपूर्वीची, नाव दाजींचे. त्या फोल्डरमधून तेव्हा अडीच हजार किरकोळ तक्रारी येत. कंटाळून त्यांनीच त्याला वगळले होते. ओळ त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली.

"ताईला सांगू का?" मेव्हण्याने विचारले.

"सांग की. माझं तात्पुरतं किती टिकतं, ते तिला घरीच दिसतं."

त्यांनी ती ओळ काढली, जुन्या फोल्डरपुरते विकतचे नियम बंद केले आणि स्वतःचा तेवढा चालू ठेवला. आता तक्रारी दोन आल्या. एक पेरलेली. दुसरी कुणीच पेरली नव्हती: चाकाच्या खुर्चीसाठी दार पंधरा सेकंद उघडे ठेवणारे जे बटण, त्याचा पंधराचा आकडा मोटरकडे तसाच जात होता.

"म्हणजे पंधरा मिलिसेकंद," मेव्हणा हळू आवाजात म्हणाला. "बाई, हे चाचणीत कसं सुटलं?"

"चाचणीसाठी लिफ्टची बटणं लावलेली माझी फळी आहे ना, तिच्यावर ते बटणच नाही. दोनदा मागितलं, दोनदा 'बघू' म्हणालात. दाबू काय, कपाळ?"

तरीही त्यांनी कपाटातून एक सुटे बटण काढले, दोन तारांनी फळीला जोडले आणि दाबले. बोट उचलण्याआधीच फळीवरचे लिफ्टच्या नमुन्याचे छोटे दार मिटू लागले.

मेव्हण्याने ते स्वतः आणखी दोनदा दाबून पाहिले.

"नियम राहील," तो म्हणाला. "तीनची आवृत्ती थांबली."